घर विकलं गेलं नाही, एजंटही सोडत नाही

प्रश्न : माझ्या नावावरचं नाशिकचं रो-हाऊस विकण्यासाठी एका इस्टेट एजंटशी ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर ११ महिन्यांचा करार केला. दलाली २ टक्के, दुसऱ्या एजंटला काम द्यायचं नाही आणि मुदतीआधी करार मोडला तर ५० हजार रुपये द्यायचे, अशा अटी आहेत. सात महिन्यांत त्याने दोनच पार्ट्या आणल्या. आता मावसभावाच्या ओळखीतून ६२ लाखांचं गिऱ्हाईक आलं आहे. एजंटला कळवलं तर तो म्हणतो, कुणालाही विका, माझी दलाली द्यावीच लागेल. शिवाय जाहिरातीचे १५ हजार द्या. मूळ खरेदीखत आणि किल्ल्या त्याच्याकडेच आहेत. मी पुण्यात राहते. काय करू?

उत्तर : ताई, घाबरून ५० हजार देऊ नका आणि करार संपवल्याशिवाय नव्या गिऱ्हाइकाकडून इसारही घेऊ नका.

एजंट तुमच्या वतीने काम करतो. त्याला दिलेला अधिकार काढून घेण्याचा हक्क तुम्हाला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०३ ने दिला आहे. फक्त त्या अधिकारात त्याने तुम्हाला कुणाशी आधीच बांधून टाकलेलं नसावं. मात्र ठरावीक मुदतीचा करार सबळ कारणाशिवाय मोडला, तर कलम २०५ प्रमाणे भरपाई द्यावी लागते. तुमचं कारण मला सबळ वाटतं, पण ते कागदावर दिसलं पाहिजे. अनुत्तरित राहिलेले तुमचे मेसेज, दोन्ही पार्ट्या आल्याच्या तारखा, जाहिरात कुठे दिली याची चौकशी, हे सगळं आजच एकत्र करा.

५० हजारांचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देय होत नाही. कलम ७४ नुसार तो कमाल आकडा आहे. त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते.

खरी मेख करारातल्या दलालीच्या अटीत आहे, तिथला शब्द न् शब्द वाचा. वेगळी अट नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही, असं कलम २१९ सांगतं. 'दुसऱ्या एजंटला काम देणार नाही' एवढंच लिहिलं असेल, तर तुम्ही स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकावर त्याची दलाली लागत नाही. पण 'मुदतीत घर कुणामार्फतही विकलं गेलं तरी दलाली देय' असं असेल, तर १ लाख २४ हजारांचा दावा तो करू शकतो. अशा वेळी उरलेले चार महिने आणि त्याने खरोखर केलेलं काम समोर ठेवून तडजोड करावी, असं माझं मत आहे. आणि मावसभावाचं गिऱ्हाईक मुळात एजंटनेच घर दाखवलेल्या दोघांपैकी असेल, तर दलाली बुडवू नका. ते कायद्याने टिकणार नाही आणि न्यायालाही धरून नाही.

जाहिरातीच्या खर्चाची बिलं मागा. हिशेब देणं त्याच्यावर कलम २१३ ने बंधनकारक आहे. करारात हा खर्च तुमच्याकडे असेल आणि बिलं खरी असतील, तर तेवढे पैसे बँकेतून देऊन टाका. कारण करारात उलट काही नसेल, तर रास्त येणं बाकी असेपर्यंत कागदपत्रं अडवून ठेवण्याचा हक्क एजंटला कलम २२१ ने आहे. येणंच नसेल, तर तुमचं खरेदीखत ठेवून घेण्याचा त्याला काही अधिकार नाही.

आता नोटीस. करारात सूचनेचा कालावधी असेल तो पाळा, नसेल तर १५ दिवस द्या. अधिकार कोणत्या तारखेपासून काढला, कारणं काय, खरेदीखत व किल्ल्या कधीपर्यंत परत हव्यात, घर कुणाकुणाला दाखवलं त्यांची नावं, आणि फलक व ऑनलाइन जाहिराती उतरवण्याची सूचना, एवढं त्यात येऊ द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका आणि पोचपावती जपा. कलम २०८ नुसार अधिकार संपल्याचं एजंटला कळल्यावरच तो त्याच्यापुरता संपतो, आणि तिऱ्हाइतापुरता त्या तिऱ्हाइताला कळल्यावर. टोकन घेण्याचा अधिकार त्याला करारात दिला असेल, तर आधीच्या दोन्ही पार्ट्यांना तुम्ही स्वतः लेखी कळवा. त्याला कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने व्यवहार करण्याचं अधिकारपत्र) दिलं असेल, तर तेही रद्द करा; नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

नव्या गिऱ्हाइकाशी साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) नोटिशीचा कालावधी संपल्यावर करा. मूळ खरेदीखत अडकलंच, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून सही-शिक्क्याची नक्कल मिळते. पण गिऱ्हाईक गृहकर्ज काढणार असेल तर बँक मूळ कागदच मागेल, म्हणून नोटिशीत पहिली मागणी त्याचीच ठेवा.