तो स्टॅम्प पेपर बघितला

अरे,

व्हॉट्सॅपवर पाठवलेला फोटो बघितला. पाचशेचा स्टॅम्प पेपर, दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का आणि वर ठळक 'घटस्फोटनामा'. किती घेतले रे त्याने? जे काय घेतले ते पाण्यात गेले, कारण हिंदू विवाह कायद्यात नवरा-बायको कोर्टातच सुटतात, नोटरीकडे नाही. (काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी असते, ती कायदा मानतो पण सिद्ध करावी लागते, आणि तुमच्यात तसलं काही नाही.) म्हणजे आजच्या तारखेला तू लग्न झालेलाच आहेस. आई स्थळं बघत्येय ना, ते आधी थांबव. पहिलं लग्न उभं असताना दुसरं केलंस तर ते लग्न धरतच नाहीत, वर सात वर्षांपर्यंतची शिक्षा.

आता खरं काय करायचं ते. दोघांना सुटायचंय, भांडण नाही, मग त्याच कायद्याचं कलम १३-बी, म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) फॅमिली कोर्टात दोघांनी मिळून पिटिशन टाकायचं. अट अशी की त्याआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे. तू विचारलंस की आम्ही एकाच वन बीएचकेत राहतोय, मग? अरे मुंबईत दुसरं घर भाड्याने घ्यायला कोणाला परवडतं, आणि सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच सांगून ठेवलंय की छत एक असलं तरी नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर ते वेगळं राहणंच. मग पिटिशन टाकल्यापासून सहा महिने थांबायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, २०१७ च्या निकालापासून, पण ताटातूट होऊन दीडेक वर्ष झालेलं पाहिजे आणि पोटगी, पोर, पैसे सगळं आधी मिटलेलं पाहिजे. आणि एक लक्षात ठेव, शेवटच्या तारखेपर्यंत तिला किंवा तुला मागे फिरता येतं, तेव्हा उगाच पेढे वाटू नकोस.

आता फ्लॅट. लग्न झालं की अर्धं घर बायकोचं, असा कायदा आपल्याकडे नाहीये, तुझे मित्र पिक्चर बघून बोलतात. पण कांदिवलीच्या फ्लॅटवर दोघांची नावं आहेत आणि लोनही जॉइंट, म्हणून खरी मारामारी तिथे. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी ठरवून कोर्टात द्यायच्या अटींच्या कागदात, 'हप्ते मी भरीन' लिहिलंस म्हणून बँक तिला सोडत नाही, बँक काही त्या कागदावर सही करत नाही. तेव्हा तिचं नाव कर्जातून काढायला बँकेत काय लागतं ते आधी विचार, मग टर्म्स लिहू. तिचे दागिने, माहेरचे असोत की तुमच्याकडून घातलेले, स्त्रीधन आहे. लॉकरची चावी तुझ्या आईकडे आहे ना, ती देऊन टाका, यात घासाघीस नको.

पोरगी चार वर्षांची. पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईकडेच, कायद्यातच आहे. पण तू बाप आहेसच, भेटीचे वार, सुट्ट्या, आजारपणात कोण कोणाला फोन करणार, सगळं लिहून घे. 'समजुतीने बघू' म्हणणारेच पुढे बीकेसीत तारखा घेत बसतात, मी रोज बघते. पोरीच्या खर्चाला मात्र तुम्ही दोघं मिळूनही काट मारू शकत नाही, तो हक्क तिचा आहे.

आणि बायकोला सांग, स्वतःचा वकील बघ. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो, बायकांना त्यात पगाराची अट नाही. मी तुझ्या आईची मैत्रीण, तिच्या बाजूचा कागद मी लिहिणं बरं नाही.

मावशी