अडीच वर्षांच्या मुलाचं लक्ष टिकावं म्हणून अभिनयगीतांचा उपयोग होतो का?

तुमचा मुलगा अडीच वर्षांचा. चित्रांच्या पुस्तकाशी मिनिटभर बसत नाही, मोबाइलवर गाणी लावली की मात्र जागचा हलत नाही. मग हातवारे करून म्हणायच्या गाण्यांनी लक्ष वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. वाढतं. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका बालवाडीत शिकवते आणि हे रोज बघते. पण गाणं कसं म्हणता, यावर बरंच अवलंबून आहे.

आधी मनातली काळजी थोडी कमी करा. या वयाचं मूल एका गोष्टीत दोन-चार मिनिटं रमलं तर ते वयाला धरूनच आहे. मोबाइलपुढे तो बसतो तेव्हा सतत बदलणारं चित्र त्याला धरून ठेवतं, त्याला स्वतःहून काही धरून ठेवावं लागत नाही.

अभिनयगीताची खरी ताकद मला थांबण्यात दिसते. या वयात हालचाल सुरू करणं सोपं, आवरणं फार अवघड. लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देऊन पाहिलं होतं. ‘दाब’ म्हटलं की मुलं दाबत, आणि ‘दाबू नको’ म्हटलं तरी पुष्कळदा दाबतच राहत. नुसत्या शब्दाने हात आवरणं पुढे हळूहळू जमायला लागतं. म्हणून ‘गप्प बस, इकडे बघ’ हे तुमच्या मुलाला कितीही सांगितलं तरी पोचत नाही. चालू असलेला ताल तुटला की मात्र पोचतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीला बघा, घुमट हे मातीचं तालवाद्य थांबलं की टाळ्या वाजवणारं पोर हात तसेच धरून वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतं. आपल्याला हवंय ते लक्ष हेच.

घरी करायला एक साधं गाणं देते, मीच जुळवलेलं:

होडी चालली डुलू डुलू,
वल्हं मारू हळू हळू,
लाट आली वर वर वर,
काठ आला… थांब!

समोरासमोर मांडी घालून बसा, त्याचे हात हातात घ्या आणि डोला. ‘काठ आला’ म्हटल्यावर दोन-तीन सेकंद काहीच करू नका, फक्त त्याच्याकडे बघा. सुरुवातीला तुमचे हात थांबतील म्हणून त्याचे थांबतील. काही दिवसांनी ‘थांब’ तोच ओरडेल. तेव्हा ती शांतता थोडी लांबवा, मग एकदा अगदी सावकाश, एकदा भरभर म्हणा. उलटं करायचे खेळ, म्हणजे ‘वर’ म्हटलं की हात खाली, ते चौथ्या-पाचव्या वर्षासाठी ठेवा. आत्ता त्यात तो फक्त गोंधळेल.

आपण मोठी माणसं गाणी फार घाईने म्हणतो. मुलाला शब्द ऐकून, तुमचा हात बघून, मग स्वतःचा हात उचलायचा असतो, तेवढा वेळ द्या. आणि कृपा करून रोज नवं गाणं शोधू नका. दोन-तीन गाणी महिनाभर पुरतात. पुढे काय येणार हे माहीत असलं तरच मूल त्याची वाट बघू शकतं. तळहातावर बोट फिरवत काखेत गुदगुल्या करायचा आजीचा खेळ त्यामुळेच कधी शिळा होत नाही. आजी तो कोंकणीत म्हणत असेल तर कोंकणीतच म्हणू दे.

हीच गाणी व्हिडिओवर लावून काम होत नाही, कारण व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही, त्याचा हात उशिरा उठला हे त्याला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाला बसून पडदा बघायला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम.

पुस्तकाचं म्हणाल तर ते गाण्याच्या मागोमाग उघडा. दोनदा उड्यांचं गाणं, एकदा बसून हळू आवाजातलं, आणि लगेच मांडीवर घेऊन दोन पानं. तो उठला तर उठू द्या. गाण्यात नुसता बघत उभा राहिला तरी हात धरून ओढू नका. बालवाडीत अशी मुलं दिवसभर गप्प असतात आणि घरी गेल्यावर अख्खं गाणं हातवाऱ्यांसकट करून दाखवतात.

मात्र हाक मारल्यावर तो वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर गाण्यांवर विसंबून राहू नका. बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या.