चारकोलने काढलेला गोळा चकतीसारखा का दिसतो?

तुम्ही लिहिलंय की घन, शंकू बरे येतात, पण प्लास्टरचा गोळा चारकोलने काढला की चकती दिसते. आणि कागद कोणता घ्यावा. चित्र टाकलेलं नाही, तरी पैजेवर सांगतो, तुमचा सगळ्यात गडद भाग गोळ्याच्या अगदी कडेला आहे.

तो तिथे नसतो हो. उजेडाच्या विरुद्ध बाजूला, कडेपासून जरा आत, चंद्रकोरीसारखा पट्टा असतो. त्याच्यापलीकडे टेबलावरून उसळलेला उजेड लागतो, म्हणून कड किंचित उजळ. घनाच्या एका बाजूला एकच छटा दिली तरी निभतं, म्हणून तो जमतोय.

एवढं ठासून सांगतोय कारण 1998 च्या मे महिन्यात मी नागपुरात, महालातल्या एका क्लासला जायचो. चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा झाली होती, पुढे चित्रकलेलाच जायचं होतं. बाहेर 45 अंश, आत कूलर. कूलरसमोर चारकोल म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत: भुकटी शेजारच्याच्या कागदावर आणि दमट हवेने आपला कागद मऊ. मी कोपरा धरून दोन तास एक गोळा काढला. कडेचा उजेड पावाच्या गराने टिपला. गर चिमटीत दाबून गोळी करायची, हलकेच टेकवायची, कोळसा उचलला जातो. मळायचं खोडरबर तेव्हा आमच्या खिशाबाहेरचं होतं.

सर आले. फ्रेंच चित्रकार सेझानने 1904 च्या पत्रात लिहिलेलं ते दंडगोल, गोळा, शंकूचं वाक्य रोज ऐकवणारे सर. म्हणाले, "कडेले उजेड कुठून आला बे? मागून सूर्य निघाला काय?" आणि माझ्या उजेडावर अंगठा फिरवला. वर्ग हसला.

रात्री रबरी बॉलला चुना फासला आणि 60 च्या बल्बखाली ठेवला. खाली पांढरा कागद, कड उजळली. जुन्या छत्रीचं काळं कापड सरकवलं, विझली. पुन्हा कागद, पुन्हा उजळली. सरांना सांगायची छाती झाली नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

तेव्हा घोटू नका. बोटाने तर नाहीच, बोटाचं तेल लागलं की डाग हटत नाही. साधी कांडी आडवी धरून थर चढवा, दाबीव (कॉम्प्रेस्ड) चारकोल शेवटी, फक्त त्या पट्ट्याला आणि गोळा टेकतो तिथल्या सावलीला. दाबीव चारकोल नंतर नीट निघत नाही. बाहेरची जाड रेघ पुसून टाका. नागपुरात असाल तर सकाळच्या उन्हात दीक्षाभूमीचा घुमट बघा, त्याला कुणी आउटलाइन मारलेली नाही.

कागद दाणेदार घ्या, गुळगुळीत आयव्हरी कागदावर कोळसा धरत नाही.

आणि हो, कडेचा उजेड कितीही आवडला तरी तो सावलीतलाच. उजेडाकडच्या गडद करड्यापेक्षाही गडद ठेवायचा. मी त्या दिवशी तो जवळजवळ कागदाइतका पांढरा केला होता. शिवाय सरांच्या टेबलावर मरून रंगाची चादर होती, तिच्यावरून उजेड कितीसा उसळणार. पण म्हणून अंगठा?