शंका-निरसन : तिरकं चित्र आणि जादा बाइट

प्रश्न : कॅमेरा बोर्डमधून 638 × 480 ची कच्ची फ्रेम (हेडर नसलेले नुसते रंगांचे बाइट) फाईलमध्ये उतरवली, पिक्सेलला तीन बाइट. पायथनमध्ये नमपाय (आकड्यांच्या तक्त्यांची लायब्ररी) मधलं रीशेप, म्हणजे बाइटांना ओळी-स्तंभांचा आकार देणारी आज्ञा, (480, 638, 3) ला एरर देतं, कारण 960 बाइट जास्त निघतात. शेवटचे 960 छाटले, तर चित्र खाली खाली उजवीकडे कलत जातं आणि आडव्या रंगीत रेघा येतात. कॅमेरा बिघडला का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, कात्री चुकीच्या जागी चालली. 960 ला 480 ने भागा : 2. म्हणजे जादा बाइट फाईलच्या शेवटी नाहीत, प्रत्येक ओळीच्या टोकाला दोन-दोन आहेत. एका ओळीचे 638 × 3 = 1914 बाइट; ओळ चारच्या पटीत ठेवायची होती, पण त्याला चारने भाग जात नाही, म्हणून दोन बाइटची भर घालून 1916 केले. (24 बिट बीएमपी या चित्रफाईलीतही हाच नियम.) ही भर तुम्ही चित्रातच वाचलीत. दर ओळ आधीच्या ओळीपेक्षा दोन बाइट सरकत गेली आणि तळाशी सरक साधारण 320 पिक्सेलवर पोचली, म्हणजे अर्धी रुंदी. शिवाय दोन बाइट म्हणजे पूर्ण पिक्सेल नव्हे, त्यामुळे लाल-हिरवा-निळा यांच्या जागाही दर ओळीला फिरतात आणि तीन ओळींनी पुन्हा मूळपदावर येतात. तुमच्या रेघा त्याच.

फाईल न छाटता यूइंट8 (0 ते 255 चा एक बाइट) म्हणून वाचा. आधी (480, 1916) करा, दर ओळीचे पहिले 1914 स्तंभ ठेवा, मग (480, 638, 3), आणि ते पिलो या चित्रांच्या लायब्ररीतल्या फ्रॉमअरेला (तक्त्याचं चित्र करणारं फंक्शन) द्या. नमपायमध्ये उंची आधी, पिलोच्या साइझमध्ये रुंदी आधी. इथे भलेभले घसरतात. आता चेहरे निळे दिसले तर डेटात निळा आधी आहे, शेवटचा अक्ष (रंगांचा) उलटा करा. चित्र डोक्यावर उभं असेल तर पहिला अक्ष (ओळींचा) उलटा करा.

प्रश्न : सी मध्ये 256 × 256 चं पीपीएम (साधी चित्रफाईल : छोटं हेडर, मग रंगांचे बाइट) लिहितो : लाल = एक्स (स्तंभ क्रमांक), हिरवा = वाय (ओळ क्रमांक), निळा शून्य. लिनक्सवर छान, विंडोजवर रंगांचा चिखल. का?

उत्तर : फाईल किती बाइटची झाली ते बघा. पी6 (बाइटांत लिहिलेलं पीपीएम) चं हेडर 15 आणि डेटा 1,96,608, मिळून 1,96,623 हवेत. तुमची 1,97,138 भरेल. फाईल उघडणाऱ्या एफओपन ला नुसतं डब्ल्यू (टेक्स्ट मोडमध्ये लिहिणं) दिलंत ना? टेक्स्ट मोडमध्ये विंडोज प्रत्येक 10 या बाइटच्या आधी 13 घुसवतं, कारण त्याच्या लेखी ती नवी ओळ. 10 हा आकडा लाल रंगात दर ओळीला एकदा, म्हणजे 256 वेळा येतो; हिरव्यात वाय = 10 च्या ओळीत आणखी 256 वेळा. हेडरमधल्या तीन ओळी धरून 515. हेडर संपताना एकच मोकळं अक्षर (नवी ओळ किंवा रिकामी जागा) अपेक्षित असतं, तिथे दोन पडतात. म्हणून पहिल्या पिक्सेलपासूनच घसरण. मोड डब्ल्यूबी (बाइट जसेच्या तसे लिहिणारा बायनरी मोड) करा, बाकी कोडला हात लावू नका.