किडे नाचवून पोट भरतं का?

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. मेलेले भुंगे, टोळ गोळा करतो, त्यांच्या पायांना बारीक तारा लावतो आणि मोबाइलवर एकेक फोटो काढून रील बनवतो. एम.एस्सी. नको, बी.एड. नको, ॲनिमेशनच करायचं म्हणतो. ‘स्तारेविच नावाच्या रशियन माणसाने यावरच आयुष्य काढलं’ हे रोज ऐकवतो. ह्यांचं म्हणणं, किडे नाचवून पोट भरत नाही. आधी नोकरी बघ, हा नाद सुट्टीत कर. आम्ही काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

चिरंजीवांनी नाव बरोबर सांगितलंय, पण गोष्ट बहुधा सोयीपुरतीच सांगितली असावी. ती पुरती सांगते, कारण त्यात तुमच्या बाजूचंही बरंच काही आहे.

व्लादिस्लाव स्तारेविचचा जन्म 1882 सालचा, मॉस्कोचा. घराणं पोलिश, वाढला लिथुआनियातल्या कौनास गावी आजीकडे. हे सगळं तेव्हा रशियन साम्राज्यात, म्हणून तो ‘रशियन’. लहानपणापासून किड्यांचं वेड. पुढे कौनासच्या संग्रहालयासाठी तो माहितीपट काढू लागला. 1910 च्या सुमारास त्याला शिंगवाल्या भुंग्यांची झुंज टिपायची होती. मादीसाठी दोन नर जबडे अडकवून भिडतात, ती. पण हा भुंगा रात्रीचा प्राणी. चित्रीकरणाचे दिवे लागले की गडी ढिम्म हलेना.

याच सुमारास त्याने एमिल कोल या फ्रेंच माणसाची आगकाड्या हलवून केलेली फिल्म पाहिली होती. मग त्याने मेलेल्या भुंग्यांचे पाय आणि जबडे सोडवले, मेणाने पुन्हा चिकटवले आणि हवे तसे वळवत एकेक चौकट टिपली. झुंज जमली. पुढे त्याच्या किड्यांच्या फिल्मा बाहेरदेशी गेल्या तेव्हा लंडनच्या काही पत्रकारांना ते शिकवून तयार केलेले जिवंत किडेच वाटले, असं सांगतात.

(आगकाड्यांवरून आठवलं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, आणि त्याआधी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चौकट टिपून भांडवलदाराला दाखवलं होतं. ह्यांना हे जरूर सांगा. हा नाद आपल्याकडे काही परका नाही.)

आता मुद्द्याचं. 1911 मध्ये स्तारेविच मॉस्कोला खान्झोन्कोवच्या फिल्म कंपनीत कामाला लागला. त्याला घेतलं ते तो ‘ॲनिमेशन शिकला’ म्हणून नव्हे. तसं शिकवणारी जागाच तेव्हा नव्हती. त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. भुंग्याचा सांधा कुठे आणि किती वळतो हे त्याला पाठ होतं. आणि त्याला गोष्ट रचता येत होती. 1912 ची ‘कॅमेरामनचा सूड’ मुलाकडून मागून दोघांनी एकदा बघाच, दहा-पंधरा मिनिटांचंच काम आहे. भुंगेरावांचं एका नाचणाऱ्या चतुराशी सूत जुळतं. तिच्यावर जीव असलेला नाकतोडा कॅमेरामन असतो. तो हॉटेलातल्या खोलीच्या किल्लीच्या भोकातून सगळं चित्रित करतो आणि पुढे भुंगेराव बायकोला घेऊन सिनेमाला जातात तेव्हा नेमकं तेच पडद्यावर लावतो. भुंगेराव पडदा फाडून धावतात, यंत्राला आग लागते. आज शंभर वर्षांनीही हसू येतं, ते किडे हलतात म्हणून नाही.

तुम्ही पाठवलेली रील मी पाहिली. शेणकिडा काडेपेटी ढकलतो, ती. पोराच्या हाताला सफाई आहे, प्रकाशही नीट सांभाळलाय. पण किडा चालत नाही, तरंगतो, कारण सहाही पाय एकदम पुढे येतात. चालताना किडा तीन पाय टेकवतो, तीन उचलतो : एका बाजूचा पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला. हे प्राणिशास्त्राच्या मुलाला मी सांगायचं म्हणजे जरा कठीणच! आणि काडेपेटी का ढकलतोय, पुढे काय, तर काहीच नाही, रील संपते. स्तारेविचने आधी पोटभर किडे पाहिले, मग त्यांना हलवलं. हा मुलगा हलवण्याच्या घाईत आहे.

त्यामुळे पहिली गोष्ट, पदवी अर्धी सोडायची नाही, आणि नुसती पास होण्यापुरतीही करायची नाही. सॉफ्टवेअर येणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. कीटकाची हालचाल ज्याला आतून कळते असा ॲनिमेटर विज्ञानपट, संग्रहालयं, पाठ्यपुस्तकांचे व्हिडिओ यांच्या कामाचा असतो.

आता ह्यांचं म्हणणं : नोकरी कर, हे सुट्टीत कर. याचंही एक रशियन उदाहरण आहे आणि ते स्तारेविचच्याही आधीचं. अलेक्सांद्र शिर्यायेव. पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरचा नर्तक, मोठ्या नृत्यगुरूचा सहायक. त्याला नाच फिल्मवर टिपून ठेवायचे होते. थिएटरच्या वरिष्ठांनी परवानगी नाकारली. मग 1906 ते 1909 या काळात त्याने घरीच तारेच्या सांगाड्यावर बाहुल्या केल्या आणि त्यांच्याकडून एकेक पाऊल नाचवून घेतलं. नोकरी शाबूत, पुढे नृत्यशिक्षक म्हणूनही मान मिळाला. पण त्या फिल्मा घरच्यांपलीकडे फारशा कोणी पाहिल्या नाहीत. 1995 मध्ये संशोधकाच्या हाती लागल्या, तेव्हा त्याला जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली होती. काम उत्तम होतं. म्हणजे सुट्टीत केलेलं काम वाईट होतं असं नाही, पण त्यावर कोणी पुढचं काम देत नाही. मुलाला यातून पोट भरायचं असेल, तर ते लोकांच्या डोळ्यांसमोर यायला हवं.

आणि पोट भरण्याचं म्हणाल तर स्तारेविचचं पुढचं आयुष्य मुलाने तुम्हाला सांगितलं नसेल. क्रांतीनंतर त्याने रशिया सोडला, पॅरिसजवळ फाँतने-सू-ब्वा इथे घरातच स्टुडिओ थाटला. बायको ॲना बाहुल्यांचे कपडे शिवायची, थोरली मुलगी इरिना आयुष्यभर हाताखाली, धाकटी नीना फिल्मांत काम करायची. सगळं घर जुंपलेलं. कोल्ह्याच्या गोष्टीची मोठी फिल्म त्यांनी 1929-30 मध्ये दीड वर्षं खपून चित्रित केली. तेवढ्यात बोलपट आले, ध्वनी बसवण्यावरून घोडं अडलं आणि फिल्म अडकली. अखेर जर्मन पैशाने 1937 मध्ये बर्लिनला ती लागली. फ्रेंच आवृत्तीला 1941 उजाडलं. केलेल्या कामाची फळं इतक्या उशिरा. 1965 मध्ये तो वारला तेव्हाही एक फिल्म अपुरीच होती. नाव झालं, संसारही चालला, पण महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या घराला हे झेपेल का, हे तुम्ही तिघांनी बसून बोला.

आपल्याकडे निव्वळ स्टॉप मोशनवर, म्हणजे वस्तू हलवत एकेक फोटो काढण्याच्या या कामावर, जगणारे मोजकेच, बहुतेक मुंबईत, जाहिरातींच्या जोरावर. म्हणून संगणकावरचं ॲनिमेशनही शिकावंच लागेल. गल्लीतल्या ‘शंभर टक्के नोकरी’वाल्या संस्थेत लाखभर रुपये ओतू नका, हे मी हात जोडून सांगते. पदवीनंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, ॲनिमेशनचं एम.डिझाइन (पदव्युत्तर पदवी) आहे, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन फिल्म डिझाइन. आयडीसीसाठी ‘सीड’ (CEED) ही प्रवेशपरीक्षा लागते. शेवटच्या वर्षाच्या मुलाला ती देता येते, फॉर्म साधारण ऑक्टोबरात निघतात, परीक्षा जानेवारीत. जागा थोड्या आहेत, पहिल्या फटक्यात नाही मिळाली तर आभाळ कोसळत नाही. एम.एस्सी.चा फॉर्मही भरून ठेवायला सांगा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या.

तोवर त्याला एकच काम. एका मिनिटाची पूर्ण गोष्ट. सेकंदाला बारा चौकटी धरल्या तरी 720 फोटो होतात. किडे रस्त्यावरच्या दिव्याखाली मरून पडलेले घ्यायचे. काही भुंगे आणि फुलपाखरं वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांत आहेत, तेव्हा राधानगरीच्या जंगलातून काहीही उचलून आणायचं नाही. चित्रीकरण चालू असेल त्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, आणि केर काढायला कोणी जायचं नाही. फोनसाठी स्टँड तेवढा ह्यांनाच आणायला सांगा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फिल्म पुरी झाली असेल तर मला लिंक पाठवा. अर्धवट असेल तरी पाठवा, पण मग सोबत मुलाने स्वतः लिहावं, कुठे अडलं ते.