चित्रकला येत नसेल तर रस्त्यावरच्या वस्तूंपासून मिक्स्ड मीडिया कला करता येईल का?

नक्की येईल. मिक्स्ड मीडिया म्हणजे एकाच कामात रंग-रेघांसोबत खऱ्या वस्तूही वापरणं. बाटल्यांची बुचं, सायकलचे सुटे भाग जमवलेत पण चित्र काढता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. इथे हातापेक्षा नजर जास्त लागते.

चित्रकार पिकासोचं १९४२ मधलं ‘बुल्स हेड’ (बैलाचं डोकं) हे शिल्प शोधून पाहा. सायकलची सीट आणि हँडल, बस्स. सीट उभी धरली की बैलाचं तोंड, हँडल जोडलं की शिंगं. बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते, गंमत त्यातच आहे. म्हणून माझा आग्रह असा की वस्तू रंगाने झाकून टाकू नका. ती ओळखूच आली नाही, तर रस्त्यावरून उचलली काय नि दुकानातून आणली काय, सारखंच.

मलेशियातल्या जॉर्ज टाऊनमध्ये, अर्मेनियन स्ट्रीटवर, अर्नेस्ट झकारेविच या लिथुआनियन चित्रकाराने २०१२ मध्ये भिंतीवर दोन भावंडं रंगवली आणि तिथेच खरी, जुनी सायकल बसवली. पुढे मुलगी तोंडभर हसतेय, मागे धाकटा तिला घट्ट बिलगलाय. रंगवलेला हात खऱ्या हँडलपाशी येतो तिथे नजर अडकतेच. तुमच्या कामातही असा एक सांधा साधा. बाकीचं चित्र अगदी साधं असलं तरी चालेल.

सुरुवात गाडीखाली चपटलेल्या बुचापासून करा. कडेच्या दातऱ्या नीट पाहा, बूच फिरवत राहा. मी मुलांना हेच करायला देते. कुणाला सिंहाची आयाळ दिसते, कुणाला सूर्यफूल. मग लागतील तेवढ्याच रेघा भोवती काढायच्या.

चिकटवायला फेविकॉल नको. कागद-लाकडाला तो उत्तम, पण धातू त्यातलं पाणी शोषत नाही, त्यामुळे पकड कच्ची राहते. पॉलिश पेपरने गंज काढा, बूच धुऊन पूर्ण वाळवा आणि दोन ट्यूबवालं एपॉक्सी, म्हणजे दोन्ही ट्यूबमधलं एकत्र कालवून लावायचा गोंद, लावा. खाली पुठ्ठ्याऐवजी एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा घ्या. सुताराकडे उरलेले असतात.

गटाराची झाकणं, रस्त्यावरच्या पाट्या मात्र जागच्या हलवू नका. त्यांचा फोटो काढून छापा आणि त्या छापील फोटोवर हवं ते काढा, चिकटवा. थेट भिंतीवर काही करायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे.