वायफाय लॅपटॉपला, नेट डेस्कटॉपला

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला घरातलं वायफाय छान मिळतं. बाबांचा डेस्कटॉप मात्र जुना, त्यात वायफायच नाही. मागे लॅन केबलचं पोर्ट तेवढं आहे. राउटर पलीकडच्या खोलीत आणि तिथून तार आणायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल. म्हणून दोन्ही कॉम्प्युटर लॅन केबलने एकमेकांना जोडले. दोन्हीकडचे दिवे लागले. एकाने सांगितलं की वायफाय आणि इथरनेट (म्हणजे लॅन केबलचं कनेक्शन) दोन्ही निवडून ‘ब्रिज’ कर, म्हणजे दोन्ही एकत्र जोडली जातील. केलं, तर बाबांना नेट आलं नाहीच, माझंही गेलं. दोन्हींवर विंडोज १० आहे. केबल क्रॉस लागते का? की आणखी काही?

उत्तर : केबल निर्दोष आहे. दिवे लागले, म्हणजे दोन्ही पोर्टांना एकमेकांची चाहूल लागली. क्रॉस केबल लागायची ती १० आणि १०० मेगाबिटच्या जुन्या कार्डांना. त्यांत पाठवायच्या तारा वेगळ्या आणि ऐकायच्या वेगळ्या असल्याने एका टोकाच्या १ आणि २ नंबरच्या पिना दुसऱ्या टोकाला ३ आणि ६ वर न्याव्या लागत. गिगाबिट पोर्ट ही अदलाबदल आपसूक करतात आणि दोघांपैकी एकाला ते जमलं तरी भागतं. तुमच्या लॅपटॉपला ते जमलेलं दिसतंय.

दोष त्या सल्ल्याचा आहे. हा सल्ला माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमधून इतका भेटतो की मला आता त्याचा राग येऊ लागला आहे. ब्रिज केल्यावर लॅपटॉप मधून बाजूला होतो आणि डेस्कटॉपचा संदेश डेस्कटॉपच्याच हार्डवेअर पत्त्याने (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने) पुढे सरकवू पाहतो. दोन तारांच्या मधे हे बिनबोभाट चालतं. वायफायवर राउटरकडे हजेरीपट असतो. ज्या यंत्राने रीतसर नाव नोंदवलं, त्याचंच तो ऐकतो. नाव लॅपटॉपचं नोंदवलेलं आणि आवाज डेस्कटॉपचा, म्हणून राउटर तो संदेश सरळ टाकून देतो. काही वायफाय कार्डांचे ड्रायव्हर यातून पळवाट काढतात, पण त्या भरवशावर बाबांना बसवू नका.

तुम्हाला हवं ते ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, ही सोय विंडोजमध्ये आहे. यात लॅपटॉपच छोटा राउटर होतो. डेस्कटॉपला स्वतःकडचा एक पत्ता देतो, त्याची प्रत्येक विनंती आपल्या नावाने बाहेर पाठवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. वायफाय राउटरला फक्त लॅपटॉप दिसतो, त्यामुळे हजेरीची तक्रार उरत नाही.

आधी तो ब्रिज मोडा. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा, डावीकडे ‘चेंज अ‍ॅडॅप्टर सेटिंग्ज’ आहे. तिथे ‘नेटवर्क ब्रिज’वर उजवी टिचकी मारून डिलीट करा, हे न करता पुढे गेलात तर शेअरिंग चालूच होणार नाही. आता वायफायवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’ नावाचा टॅब. त्यातल्या पहिल्या चौकोनात खूण करा (त्याचं वाक्य एवढं लांबलचक आहे की वाचता वाचता विसरायला होतं, पहिला चौकोन एवढं लक्षात ठेवा). खाली कनेक्शन निवडायची यादी दिसली तर ‘इथरनेट’ निवडा. या सगळ्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात.

नेट ज्या कनेक्शनवर येतंय त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शिरायचं, जिकडे द्यायचंय त्याच्या नाही. केबल डोळ्यांसमोर असते म्हणून बरेच जण इथरनेटवर खूण करतात आणि मग सगळं उलट्या दिशेने जोडलं जातं.

खूण केल्यावर विंडोज सांगेल की लॅन कार्डाचा पत्ता १९२.१६८.१३७.१ केला जाईल. हो म्हणा. हा आकडा लिहून ठेवा, पुढची सगळी तपासणी त्यावरच आहे.

डेस्कटॉपवर खरं तर काहीच करायचं नसतं. पण जुन्या डेस्कटॉपमध्ये कधीकाळी कोणीतरी ब्रॉडबँडसाठी हाताने पत्ता भरून ठेवलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. म्हणून इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ उघडून पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) दोन्ही ‘ऑटोमॅटिकली’वर आहेत ना, ते बघाच. मग इथरनेटवर दोनदा टिचकी मारा आणि ‘डिटेल्स’ वाचा. पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होतोय आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.१३७.१ आहे? मग झालं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने काही दिलेलंच नाही, बिचाऱ्या डेस्कटॉपने स्वतःच एक आकडा लावून घेतलाय. अशा वेळी लॅपटॉपवरची खूण काढा, ओके करा, पुन्हा खूण करा. बहुतेकदा एवढ्यानेच सुटतं. पत्ता बरोबर असूनही पानं उघडत नसतील तर डेस्कटॉपवरून ८.८.८.८ (हा गूगलचा डीएनएस सर्व्हर) ला पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहा. उत्तर येत असेल तर रस्ता मोकळा आहे आणि फक्त नावं शोधण्यात अडचण आहे, तेव्हा डीएनएसच्या रकान्यात तेच ८.८.८.८ भरा. उत्तरही येत नसेल तर माझा पहिला संशय लॅपटॉपवर वेगळ्या टाकलेल्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलवर. आणि लॅपटॉपवर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर वायफायवर केलेली खूण कामाची नाही, व्हीपीएनच्या कनेक्शनवर करावी लागते.

आता या सोयीची खोड. विंडोज १० मध्ये चार मिनिटं कोणी नेट वापरलं नाही तर ही सेवा झोपी जाऊ शकते आणि लॅपटॉप बंद करून चालू केला की खूण दिसते पण नेट जात नाही. खूण काढून पुन्हा करणं हा रोजचा उपाय. कायमचा उपाय मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे : ‘सर्व्हिसेस’मध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंगचा स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करायचा आणि त्याच्या जोडीला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालायची. रजिस्ट्रीला हात लावायची सवय नसेल तर त्या दुसऱ्या भागाच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो आणि बाबांचं नेट जातं, हे वेगळं. पॉवर ऑप्शन्समध्ये चार्जर लावलेला असताना झाकण मिटल्यास ‘डू नथिंग’ ठेवा.

वेगाची काळजी नको. डेस्कटॉपचं पोर्ट १०० मेगाबिटचं असलं तरी व्हिडिओ कॉलला ते भरपूर होतं. अडचण येईल ती बाहेरून आत येणाऱ्या कनेक्शनची : डेस्कटॉप आता दोन राउटरांच्या आड आहे, त्यामुळे काही ऑनलाइन गेम कुरकुरतील आणि तुमच्या फोनवरून डेस्कटॉपवरच्या फायली उघडणार नाहीत.

माझं मत विचाराल तर आठवडाभराच्या गरजेला हे उत्तम. बाबांना रोज नेट लागणार असेल तर डेस्कटॉपला यूएसबीचं छोटं वायफाय अ‍ॅडॅप्टर घ्या, म्हणजे त्यांना मेल पाहायची तर तुमचा लॅपटॉप घरी असावा लागणार नाही. मात्र त्याचा ड्रायव्हर उतरवायला डेस्कटॉपला आधी नेट लागेल, तेव्हा ही केबल तेवढ्यापुरती उपयोगी पडेलच.

प्रश्न : हेच लिनक्सवर करायचं तर?

उत्तर : विंडोजपेक्षा सोपं, फक्त उलटं. नेटवर्क मॅनेजर (लिनक्सवर कनेक्शनं सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर वायफायला हात न लावता वायर्ड कनेक्शन उघडा आणि आयपीव्ही४ च्या पद्धतीत ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ निवडा. पलीकडच्या कॉम्प्युटरला १०.४२.० ने सुरू होणारा पत्ता मिळेल. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या शेअरिंगमध्ये ‘इंटरनेट शेअरिंग’ आहे. कुठून वायफाय, कुठे इथरनेट, एवढंच विचारतो.

प्रश्न : लॅपटॉपची केबल स्विचमध्ये (एका केबलवरून अनेक कॉम्प्युटर जोडणाऱ्या डबीत) खोचून तीन कॉम्प्युटरना नेट देता येईल?

उत्तर : येईल, लॅपटॉप तिघांनाही पत्ते देईल. पण त्या स्विचला घरातल्या किंवा ऑफिसातल्या राउटरची तार जोडलेली नको. नाहीतर एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघं होतात, कोणाला कोणाकडून पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही आणि ज्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही त्यांचंही नेट बंद पडतं. ऑफिसात असाल तर केबल खोचण्याआधी तिथल्या नेटवर्कवाल्याला विचारा.